ट्रंकेतली १८७ कॉमिक्स आणि चौथीतलं एक पोर

जून संपता संपता भाचीचा फोन आला. "मामा, पोराला मराठी वाचायलाच येईना झालंय बघा. बोलतोय चांगला, पण पुस्तक हातात दिलं की जांभया सुरू. तुमच्या त्या ट्रंकेत कॉमिक्स आहेत न्हवं? पहिल्यांदा कुठलं द्यायचं तेवढं सांगा की."

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "वेताळ दे." फोन ठेवला आणि मग ओशाळलो. ती ट्रंक मी गेल्या दहाएक वर्षांत उघडलीही नव्हती. उत्तर माझ्यातल्या अकरा वर्षांच्या पोरानं दिलं होतं आणि ते १९७७ सालचं होतं.

भाचीचा मुलगा नऊ वर्षांचा. शाळा टिळकवाडीत, इंग्रजी माध्यमाची. वर्गात इंग्रजी, गल्लीत क्रिकेट खेळताना कन्नड, घरी मराठी. देवनागरी त्याला ओळखता येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या निम्म्या घरांत हीच गत आहे, त्यामुळे हा प्रश्न एकट्या आमच्या भाचीचा नाही. म्हणून ठरवलं, ट्रंक खाली काढायची, सगळं पुन्हा वाचायचं, मार्क द्यायचे आणि मगच तोंड उघडायचं.

बेळगावातल्या जुलैत ट्रंक उघडणं हा तसा मूर्खपणाच. भिंतींना ओल, मिठाला पाणी, दोरीवरचे कपडे तीन दिवस तसेच. माळ्यावरून ट्रंक उतरवली तर डांबरगोळ्यांचा वास, गंजलेल्या पिना आणि त्या पिनांनी पानांच्या मधोमध पाडलेले तपकिरी डाग. कसरीनं काही अंकांच्या कडा अशा कुरतडल्या होत्या की वाटावं, कुणी नक्षी कापली आहे. मोजले: अमर चित्र कथा ५८, इंद्रजाल ६३, टिंकल ३१, चांदोबा १७, हिंदी १२ आणि फुटकळ ६. एकूण १८७.

वहीत दोन खाने आखले, 'तेव्हा' आणि 'आता'. तेव्हा म्हणजे लहानपणी मी किती दिले असते, आता म्हणजे आज किती. शिवाय प्रत्येक गठ्ठ्यातले दोन-तीन अंक पोराला शेजारी बसवून मोठ्यानं वाचायचे. जे मोठ्यानं वाचताना माझीच जीभ अडखळते, ते त्याला एकट्याला वाचायला लावणं म्हणजे शिक्षा.

सुरुवात वेताळापासून, कारण तोंडातून आधी तोच निघाला होता. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत ८०३ अंक निघाले. अगदी पहिला अंकही वेताळाचाच, त्याच्या पट्ट्याची गोष्ट. मूळचा हा फॅन्टम, ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी काढलेला. बंगालीत तो अरण्यदेव झाला, मराठीत वेताळ. नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला माझा नमस्कार. खानापूर ओलांडून घाट उतरलं की गोव्यात आणि सिंधुदुर्गात वेताळाची देवळं लागतात, आणि माझ्या आजीला ठाऊक होता तो वेताळ तिथला. जांभळ्या तंग कपड्यातल्या, कमरेला दोन पिस्तुलं लावलेल्या या गोऱ्या माणसाला वेताळ म्हणतात हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "चड्डी वरनं घातल्यालं भूत" असं ती म्हणायची.

पोरानं मुखपृष्ठ वाचलं: "वेताल." मी म्हटलं, ळ. तो म्हणाला, तो हिंदीत नसतोय. मग त्यानंच वहीच्या कोपऱ्यात कन्नडमधला ळ काढून दाखवला आणि विचारलं, "हाच न्हवं?" हाच. तिथं माझी पहिली शिकवणी संपली.

पुन्हा वाचताना वेताळात दोन गोष्टी खटकल्या. पहिली रचनेची. या कथा मुळात रोजच्या पेपरात तीन-चार चौकटींच्या पट्टीनं आलेल्या. आदल्या दिवशीची पट्टी ज्याच्या हातून सुटली त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकटीत थोडी उजळणी. पेपरात ते शोभतं. पण सगळ्या पट्ट्या एका अंकात सलग लावल्या की दर अर्ध्या पानावर कुणीतरी कुणालातरी मघाशी घडलेलंच पुन्हा सांगत असतं. लहानपणी हे कधी जाणवलं नाही. आता मोठ्यानं वाचताना मी त्या चौकटी गाळायला लागलो, तर पोरानं बोट ठेवून पकडलं. उलट काही ठिकाणी अंकाच्या ठरलेल्या पानांत बसवण्यासाठी मधल्या चौकटी कापल्यात, तिथं माणूस एका चौकटीत बोटीवर असतो आणि पुढच्या चौकटीत गुहेत.

दुसरी गोष्ट पोरानं काढली. तिसऱ्या अंकाच्या मध्यावर थांबून म्हणाला, "आज्जा, एवढी सगळी माणसं आहेत जंगलात, मग त्यांना सांभाळायला बाहेरचाच माणूस कशाला लागतोय?" मी अकरा वर्षांचा असताना हे मला कधी सुचलं नव्हतं. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यात बाप गमावलेला एक गोरा मुलगा किनाऱ्याला लागतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि मग एकवीस पिढ्या त्या जंगलाचा न्यायनिवाडा त्याच घराण्याकडे. इंद्रजालवाल्यांनाही थोडी अडचण वाटली असावी. मूळ देशाचं नाव बंगालशी जुळत होतं म्हणून त्यांनी ते डेंकाली केलं, आणि सिंग नावाच्या चाच्यांचे सिंगा झाले. नावं बदलली तरी कथेची बैठक तीच राहिली.

तरीही साय बॅरी यांनी काढलेलं जंगल बघत बसावं असं आहे. काळ्या शाईतली झाडी, पाण्यावरची सावली, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा मुखवटा. १९६१ पासून तीसेक वर्षं या माणसानं वेताळ काढला, आणि त्याच्या हातचे अंक वेगळे ओळखू येतात. वेताळ: तेव्हा १०, आता ६. त्यातले दोन नुसते त्या झाडीचे.

इंद्रजालमधलाच जादूगार मँड्रेक: तेव्हा ७, आता ६. हाताच्या एका इशाऱ्यानं पिस्तुलाचं केळं होतं यावर नऊ वर्षांचं पोर आजही फिदीफिदी हसतं. त्याचा साथीदार लोथार जुन्या कथांत कातडं पांघरून मालकामागून चालतो आणि नंतरच्या कथांत शर्ट-पँट घालून मित्रासारखा बोलतो. अंक हाताशी असतील तर नंतरचेच द्यावेत.

आता बहादूर. इंद्रजालचा अंक स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणला आणि आत वेताळाऐवजी बहादूर निघाला की आम्ही कपाळाला हात लावायचो. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये उभा केलेला हा नायक, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. याच ब्राह्मणियांनी वेताळाची कितीतरी मुखपृष्ठंही रंगवली आहेत. बहादूरचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. ज्या पोलीस अधिकाऱ्यावर सूड उगवायचा त्याच्याच घरी मुलगा वाढतो आणि पुढे गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. लग्न न करता बेलाबरोबर एका घरात राहतो, आणि हे सत्तरच्या दशकात, मुलांच्या कॉमिकमध्ये, कुणी आरडाओरडा न करता छापून येत होतं! मला तेव्हा यातलं काहीच दिसलं नाही. मला फक्त मुखवटा आणि कवटीची अंगठी पाहिजे होती.

आता वाचताना त्यातली धूळ दिसते. पोलीस चौकीतला टेबल, जीपच्या मागं उडालेला फुफाटा, पंचाच्या घरासमोरची खाट. इथं माणसं भांडतात ती पाण्यावरून, जमिनीवरून आणि अब्रूवरून. बहादूर: तेव्हा ५, आता ८. फक्त नऊ वर्षांच्या पोराला नको. बाप डाकू, मुलगा त्याला मारणाऱ्याच्या घरी, हे पचायला सहावी-सातवी उजाडू दे.

अमर चित्र कथेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण आईबाप डोळे झाकून तीच घेतात. खरं तर डोळे उघडे ठेवून घ्यावी अशीच ती मालिका आहे.

अनंत पै आपल्याच राज्यातले, कारकळचे. इंद्रजालच्या सुरुवातीच्या दिवसांत ते टाइम्समध्येच होते. १९६७ साली दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची उत्तरं आली पण रामाच्या आईचं नाव आलं नाही, हे पाहून त्यांनी मालिका काढली, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ती दुसरी. 'कृष्ण' हा पहिला अंक म्हणतात, पण त्याचा क्रमांक ११ आहे. आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे आणि ते निघाले कन्नडमध्ये. म्हणजे ज्या मालिकेला आपण भारतीय संस्कृतीची पाठशाळा समजतो तिचा जन्म बेंगळुरात, कन्नडमध्ये आणि सिंड्रेलाच्या जातीच्या गोष्टींनी झाला. आमच्या गल्लीत हे सांगितलं तर दोन्ही बाजूंनी भांडण लागेल.

चित्रकार मात्र बरेचसे आपले मराठी. 'कृष्ण' राम वाईरकरांचा, 'शिवाजी' प्रताप मुळीकांचा. मुळीकांचा घोडा बघावा. मानेचा बाक, नाकपुड्या, टापेखालचा दगड. माझ्या 'शिवाजी'च्या पानापानावर लहानपणी ट्रेसिंगसाठी दाबलेल्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि त्या सगळ्या घोड्यांवरच आहेत, महाराजांवर एकही नाही. हेच मुळीक पुढे ऐंशीच्या दशकात हिंदीतला नागराज काढायला लागले, आणि नागराजच्या अंगावरचे स्नायू बघितले की मला त्यांचा अर्जुन आठवतो.

खटकलं ते वेगळंच. पहिलं, भाषा. मालिका मुळात इंग्रजीत लिहिली जाते आणि मराठीत येते ती वक्तृत्व स्पर्धेच्या कपड्यांत. "हे मातोश्री, मज आज्ञा द्यावी" अशा थाटाचं कुणी बोलायला लागलं की पोर माझ्याकडे बघायचं आणि मी भाषांतराचं भाषांतर करायचो: "आई, जाऊ का मी?" दुसरं म्हणजे रंग. नायक गोरा नाहीतर निळा, राक्षस काळा आणि दातवाला. दहा अंक एका दमात वाचले की हा हिशेब डोळ्यांत खुपतो. आमच्या घरातली निम्मी माणसं त्या हिशेबानं असुर ठरतात. तिसरं, चौकटीच्या डोक्यावरचा मजकूर. चित्रात घोडेस्वार दरीत उतरताना दिसतोय आणि वर लिहिलंय की घोडेस्वार दरीत उतरला.

सगळ्या ५८ अंकांना एकच मार्क देणं अन्याय होईल. पौराणिक कथा ५, ऐतिहासिक ७. बिरबल, तेनालीराम आणि पंचतंत्र-जातक ८, कारण तिथं माणसं, कोल्हे आणि कावळे नीट बोलतात, भाषण करत नाहीत. 'तेव्हा' मी सगळ्यांनाच ८ दिले असते. पाहुण्यांनी बक्षीस म्हणून दिलेलं पुस्तक वाईट असूच शकत नाही अशी माझी समजूत होती.

इथं एक दुःख सांगून टाकतो. नव्वदच्या सुमारास मी यातले २४ अंक एका बाइंडरकडे दिले. आठ-आठचे तीन खंड, कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, झोकात काम. घरी आणून उघडले तर त्यानं कडा एकसारख्या करण्यासाठी तिन्ही बाजूंनी चांगली अर्धा-अर्धा इंच कापली होती. वरच्या रांगेतल्या संवादाच्या फुग्यांची डोकी गेली. त्यामुळे माझ्याकडचा अभिमन्यू चक्रव्यूहात शिरताना काय म्हणतो हे मला आजतागायत माहीत नाही, फक्त "...र येणार नाही!" एवढंच उरलंय. जुने अंक बांधायचे असतील तर कटिंग करू नका असं आधी सांगा, आणि तो समोर मान डोलावत असला तरी चिठ्ठीवर लिहून द्या.

याच मालिकेत 'बाबासाहेब आंबेडकर' आहे, आणि त्याच्या शेजारी मी फुटकळ सहांतलं एक ठेवलं, 'भीमायन'. ते २०११ चं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्यानं काढलेलं, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. एकाच माणसाची दोन चरित्रं शेजारी ठेवली की कॉमिक म्हणजे काय हे मला साठी जवळ आल्यावर कळलं.

अमर चित्र कथा जन्मापासून निघते आणि पायरी पायरीनं मोठेपणाकडे जाते. शाळेत निबंध लिहायला उत्तम. 'भीमायन' तीनच गोष्टी धरतं: पाणी, निवारा, प्रवास. त्यात चौकटीच नाहीत. पान वळणावळणांच्या नक्षीनं विभागलेलं असतं, रेल्वेचं इंजिन प्राण्यासारखं दिसतं, आणि फुग्यांचे आकार बोलणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे बदलतात. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे एकदा पोराला दाखवलं, मग त्यानं उरलेलं पुस्तक मजकूर न वाचता फक्त नांग्या मोजत बघितलं. मी काही बोललो नाही.

त्यात १९०१ चा एक प्रवास आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघतो आणि मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, पाणी मिळत नाही, रात्र होते. आम्ही बेळगावहून पुण्याला रेल्वेनं जातो तेव्हा कराड सोडल्यावर हेच मसूर लागतं. पोर दोनदा त्या फलाटावरून गेलंय, खिडकीशी बसून, चिप्स खात. पुस्तकातलं स्टेशन तेच, हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग तिथं आता पाणी देतात का?" चरित्र वाचून पोरानं असा प्रश्न विचारावा, याहून जास्त मला काही नको. 'भीमायन': आता ९. 'तेव्हा'चा खाना रिकामा. पण ते एकट्यानं वाचायचं पुस्तक नाही. कुणीतरी मोठं शेजारी बसायला पाहिजे आणि घाई नको. माझी प्रत इंग्रजी आहे, मी वाचता वाचता मराठीत सांगत गेलो.

टिंकलबद्दल फार बोलत नाही कारण माझे अंदाज साफ चुकले. १९८० मध्ये तेही पैंनीच सुरू केलं, आणि तेव्हा मी चौदा वर्षांचा, म्हणजे स्वतःला फार मोठा समजणारा. धाकट्या बहिणीसाठी आणलेले अंक मी नाक मुरडत वाचायचो. तेव्हा ४. आता सुप्पांदी वाचताना मी आणि पोर दोघंही इतके हसलो की भाची स्वयंपाकघरातून बघायला आली. सांगितलेलं शब्दशः ऐकणारा गडी ही आपल्याकडच्या लोककथेतली जुनीच युक्ती, पण राम वाईरकरांनी त्या पसरट डोक्याला जो निरागसपणा दिलाय त्याला तोड नाही. वसंत हळबे यांचा शिकारी शंभूही तसाच. डोळ्यांवर ओघळलेली टोपी, भित्रा जीव आणि प्रत्येक वेळी नशिबानं मिळालेली शाबासकी. गोष्टी दोन-तीन पानांच्या, म्हणजे झोपायच्या आधी "आणखी एक" म्हणायला सोयीच्या. आता ८. अडचण एवढीच की माझे अंक इंग्रजी आहेत आणि पोराला इंग्रजी येतंच. त्यामुळे तो मराठी वाचायला लागणार नाही.

हिंदी बारा अंकांतले नऊ चाचा चौधरींचे. प्राण यांचा हात साधा, रेषा जाड, पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. गुरू ग्रहावरून आलेला साबू, त्याला राग आला की कुठंतरी ज्वालामुखी फुटतो. तेव्हा ७, आता ५. गोष्ट कशी संपणार हे दुसऱ्याच पानावर कळतं. पण देवनागरी अडखळत वाचणाऱ्याला ठळक अक्षरं आणि छोटी वाक्यं हवी असतात, ती इथं आहेत. एक दिवस उपयोगी पडले, नंतर कपाटात. नागराजचे तीन अंक मी परत ट्रंकेत टाकले. विषारी फुंकरीची गंमत बारा वर्षांच्या पोराला, आणि तीही वर्षभरच.

तीन टिनटिन आहेत, इंग्रजी. तिबेटवालं पुन्हा वाचलं. त्यातला दिल्लीच्या रस्त्यातल्या गाईवरचा प्रसंग आमच्या खडेबाजारात रोज घडतो. रेखाटन निर्दोष, १० पैकी ९, आणि आपल्या प्रश्नाला शून्य उपयोग.

आता चांदोबा. हे कॉमिक नव्हे हे मला कबूल आहे. यात फुगे नाहीत, पानभर गोष्ट आणि एखाद-दुसरं चित्र. तरीही यादीत घेतलं, कारण या ट्रंकेत माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार असतील तर ते याचे.

'चंदामामा' मद्रासला जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमधून सुरू झाला, नागि रेड्डी आणि चक्रपाणी यांचा. मराठीतला 'चांदोबा' १९५२ पासून, कन्नड त्याच्याही आधीचा. चित्रं सगळ्या भाषांत तीच, फक्त मजकूर बदलायचा. आम्ही वडगावात राहायचो, भिंतीपलीकडे विणकराचं कन्नड घर, दिवसभर मागाची खटखट. त्यांच्याकडे कन्नड अंक यायचा, आमच्याकडे मराठी. त्यांचा मुलगा आणि मी दोन्ही अंक जोत्यावर शेजारी शेजारी उघडून बसायचो. डावीकडे विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून निघालाय, उजवीकडेही तोच राजा, तेच प्रेत, तीच कवट्यांनी भरलेली वाट. शंकर यांचं चित्र. खाली दोन लिप्या. मला ठाऊक असायचं पहिल्या ओळीत काय लिहिलंय, कारण विक्रम-वेताळाची सुरुवात दर महिन्याला सारखीच असायची. त्या एका ओळीवरून मी कन्नड अक्षरं सोडवली, जसं कोडं सोडवतात तसं. मराठी शाळेत शिकलेला मी पुढं नोकरीत कन्नड फाइली वाचू शकलो, त्याचं मूळ त्या जोत्यावर आहे. माझ्या १७ अंकांत एक कन्नड आहे. शेजाऱ्यांचं घर उठलं तेव्हा त्या मित्रानं दिलेला.

पोरावर हाच प्रयोग उलटा करून पाहिला. त्याला कन्नड वाचता येतं, मराठी अडखळतं. दोन अंक शेजारी ठेवले. तो कन्नड ओळ वाचायचा, मग मराठी ओळीत तोच शब्द शोधायचा. "राजा" दोन्हीकडे राजा. एकाच बैठकीत अर्धं पान झालं. मग कंटाळला, कारण चांदोबाची पानं दाट आहेत आणि आजच्या डोळ्यांना ती भिंतीसारखी वाटतात. शिवाय मासिक केव्हाच बंद पडलंय, जुने अंक मिळाले तर मिळाले. चांदोबा: तेव्हा ८, आता ९, आणि पहिलं पुस्तक म्हणून ३.

राहिला चिंटू. दोन संग्रह, तेही मी विकत घेतलेले नाहीत, कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायला लागली. म्हणजे माझं कॉमिकचं वय सरल्यावर. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशी काकूंची खिडकी आणि क्रिकेटचा चेंडू. तीन-चार चौकटी की संपलं. मी याला कधी संग्रहातलं मानलंच नव्हतं.

पोरानं तो स्वतः उचलला. कुणी सांगितलं नाही. दर पट्टीत दहा-पंधरा शब्द, सगळे घरात बोलतो तसे. इथं कुणी मातोश्रीला आज्ञा मागत नाही. कारण साधं आहे: हे मुळात मराठीत सुचलेलं आहे. इंद्रजाल इंग्रजीतून आलं, अमर चित्र कथा इंग्रजीतून, चांदोबाही मद्रासहून. ट्रंकेतल्या १८७ मध्ये मराठीत सुचलेले अंक दोनच निघाले याचं मला नंतर वाईट वाटलं, पण ते वेगळं रडगाणं. चिंटू पुण्याचा आहे हे मात्र लपत नाही. आमचं पोर मधेच थांबून म्हणतं, "हा असं का बोलतोय? 'करतोयस' कशाला, 'करालास' म्हणायचं न्हवं?" मी सांगितलं, त्यांच्याकडे तसं म्हणतात. दर पट्टीनंतर हसू यायला जेवढा वेळ लागतो तेवढीच विश्रांती, की लगेच पुढची. रविवारी दुपारी त्यानं चाळीस पट्ट्या वाचल्या. त्यातल्या शेवटच्या दहा मनातल्या मनात, ओठ न हलवता. चिंटू: तेव्हा काहीच नाही, आता ७, पहिलं पुस्तक म्हणून १०.

भाचीला मग फोन करून आधीचं उत्तर मागं घेतलं. चौथीतल्या, देवनागरी अडखळणाऱ्या पोराला आधी चिंटूचा संग्रह. तो वाचून झाला की अमर चित्र कथेतले मराठी बिरबल-तेनालीराम आणि पंचतंत्र. नवे मिळतात, जुन्याच्या मागं लागायचं कारण नाही. शिवाजी पाचवीत, घोड्यांसकट. टिंकल हवं तेव्हा, पण ते मराठीच्या खात्यात धरू नये. बहादूर सातवीत, 'भीमायन' त्याच सुमाराला, शेजारी बसून. ज्यांच्याकडे ट्रंक नाही त्यांनी बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक पाहावेत. १९७१ पासूनचे इंटरनेटवर फुकट आहेत, चित्रं सुंदर आहेत, फक्त मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर नको. इंद्रजाल शोधत रद्दीवाल्यांकडे हिंडायचं असेल तर ते स्वतःसाठी हिंडा, पोराचं नाव पुढं करू नका. घेताना मधली चार पानं आहेत का ते आधी मोजा. पिनेजवळची जोडपानं सगळ्यात आधी निखळतात आणि नेमकी तिथंच मारामारी असते.

"म्हणजे वेताळ नको?" भाचीनं विचारलं.

"सहा मार्क पडलेत त्याला," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात वही शोधली तर ती पोराकडे निघाली. त्यानं माझ्या दोन खान्यांशेजारी तिसरा खाना आखला होता, पट्टी न वापरता, आणि डोक्यावर स्वतःचं नाव घातलं होतं. चिंटू १०. सुप्पांदी १०. शिवाजी ९. चाचा ६. चांदोबा "लई लांब". आणि सगळ्यात वर, दोनदा गिरवून, वेताल ११.

मी ल चा ळ केला. अकरा तसेच ठेवले.